कोरी खुंटी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेचे संचालक, माननीय सर. व्यासपीठावर बसलेले आपले हाडांचे डॉक्टरसाहेब. पहिल्या रांगेत बसलेल्या, आमच्या दिवंगत मास्तरांच्या पत्नी आणि आम्हा सगळ्यांच्या काकू. साच्याच्या, शिलाईच्या आणि चालण्याच्या विभागातले माझे सहकारी. मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेले नवे शिकाऊ. आणि काही स्वतःच्या, काही आमच्या पायांनी हा जिना चढून आलेले आमचे पाहुणे, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

हा माइक माझ्या तोंडापेक्षा चार बोटं उंच आहे. माप न घेता लावलेला दिसतोय. असू दे, शेवटच्या दिवशी मी कुणाला ओरडणार नाही असं घरून ठरवून निघाले आहे.

चौतीस वर्षांत या सभागृहात मी एकवीस निरोप समारंभ पाहिले. नेहमी खाली असायचे, खुर्च्या मोजत. इथे वर उभं राहिलं की सगळ्यांचे चेहरे दिसतात हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर भाषण कागदावर लिहून आणलं असतं आणि कागदातच तोंड घालून उभी राहिले असते.

सरांनी माझ्याबद्दल फार गोड शब्द वापरले. डॉक्टरसाहेब तर इतकं बोलले की मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाच्या समारंभाला आले आहेत. आणि हे मानपत्र! सुंदर चौकट आहे. अक्षर शिलाईतल्या आमच्या मैत्रिणीचं आहे, मी ओळखलं. तिने मन लावून लिहिलंय, म्हणूनच मला पुढचं बोलायला जड जातंय. यात ‘निर्दोष’ हा शब्द दोनदा आला आहे. ‘चौतीस वर्षांत ज्यांची खुंटी कोरी राहिली’ असंही एक वाक्य आहे. तुम्ही सगळ्यांनी त्या वाक्याला टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांना खुंटी म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या साच्याच्या खोलीत प्रत्येकाच्या टेबलाच्या वर, भिंतीत, एक लाकडी खुंटी आहे. आपल्या हातून बिघडलेला नग ज्याने त्याने आपल्या खुंटीला टांगायचा. सोबत चिठ्ठी लावायची, आपल्या अक्षरात: काय चुकलं आणि कशामुळे. ही पद्धत मास्तरांनी घातली. ते म्हणायचे, पाय मोडला तर माणूस आपल्याकडे येतो, आपलं डोकं बिघडलं तर आपण कुणाकडे जायचं? भिंतीकडे जा, वाचा. पहिली चूक टांगली की टांगणाऱ्याने सगळ्यांना चहा द्यायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नव्या माणसाला ते भयंकर वाटतं. डोळ्यांत पाणी आणून चहा देणारे मी कितीतरी पाहिले आहेत. पण दुसऱ्या दिवशी तेच लोक मान ताठ ठेवून कामाला येतात, कारण आता लपवायला काही उरलेलं नसतं.

मास्तरांच्या स्वतःच्या खुंटीवर अकरा नग आहेत. आजही आहेत. त्यांचं टेबल गेलं, तिथे आता माप घेणारं यंत्र बसलंय, गुणगुणत असतं दिवसभर. पण खुंटी ठेवली आहे.

आणि माझी खुंटी कोरी.

मी इथे आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. मास्तरांचं टेबल माझ्या समोर. दिवसभर त्यांच्या कानशीचा आवाज ऐकत मी वाढले असं म्हटलं तरी चालेल. आमच्या कामात आधी माणसाच्या उरलेल्या पायावर प्लॅस्टरची ओली पट्टी गुंडाळून माप घेतात. ते वाळलं की त्या पोकळीत प्लॅस्टर ओतून साचा करतात. मग तो साचा कानशीने घासून नेमका करायचा आणि त्यावर नवा पाय घडवायचा. पट्टी गुंडाळणं माझ्याकडे, घासणं मास्तरांकडे. साच्यावर डोळे मिटून बोट फिरवायचे आणि सांगायचे, ‘इथे अजून एक केस.’ केसाएवढं म्हणजे खरोखर केसाएवढं. आणि रोज चार वाजता कानशीची मूठ टेबलावर दोनदा वाजवायचे. टक, टक. म्हणजे चहा. आजही चार वाजले की माझी मान आपोआप वर होते. समोर यंत्र असतं. मग मी उगीच त्याच्यावरची धूळ पुसते.

सात वर्षं माझी खुंटी कोरी राहिली. शिलाईतल्या बायका मला ‘कोरी ताई’ म्हणायला लागल्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. छोट्या चुका झाल्या की मी त्या गुपचूप फोडून कचऱ्यात टाकायचे. मास्तरांना मात्र माझी कोरी खुंटी आवडत नसे. एकदा म्हणाले, ‘अगं, एक तर तू काम करत नाहीस, नाहीतर सांगत नाहीस. काम तर करताना दिसतेस.’ सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसण्यावारी नेलं, पुढे ते अंगाशी आलं.

आता मी तिसऱ्या रांगेतल्या एका पाहुण्यांकडे बघणार आहे. टपालवाले, उठू नका, बसूनच हात वर करा. हे आमचे टपालवाले. आत्तापर्यंत आमच्याकडचे पाच पाय यांनी झिजवले आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात आणि नव्या लोकांना पडायला शिकवतात. हो, पडायला. पहिल्या दिवशी आम्ही कुणाला चालायला शिकवत नाही. गादीवर कसं पडायचं, हात कुठे टेकायचा, अंग कसं सोडायचं आणि मग कशाला धरून उठायचं, हे आधी. ज्याला उठता येतं हे एकदा कळलं, तो मग बिनधास्त पाऊल टाकतो. टपालवाल्यांइतकं छान पडणारा माणूस मी पाहिलेला नाही. दाद द्यावी असं पडतात.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मला इथे आठवं वर्ष होतं. सहा तास बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून आले होते. आमच्याकडे मास्तरांचा एक नियम होता आणि आहे: लांबून आलेल्या माणसाला आधी तासभर आडवं करायचं, उरलेला पाय उशीवर उंच ठेवायचा, सूज उतरू द्यायची, मगच माप. सुजलेल्या पायाचं माप घेतलं तर सूज उतरल्यावर पाय सैल होतो. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मागचे शिकाऊ मान हलवताहेत, बघा.

त्या दिवशी माझी चार मापं झाली होती. एका दिवसात पाच मापं तोवर फक्त मास्तरांनी घेतली होती. घड्याळात तासभर नव्हता. पाय हाताने चाचपला, मनाशी म्हटलं, सूज काही फार नाही. आणि पट्टी भिजवली.

मला कुणीही घाई केली नव्हती. या सव्वीस वर्षांत मी स्वतःला अनेक प्रकारे समजावून पाहिलं आहे की घाई होती, गर्दी होती, मास्तर बाहेर होते. काही नव्हतं. मला पाचवं माप हवं होतं.

पाय तयार झाला. टपालवाले न्यायला आले ते पुन्हा सहा तास बसून, पुन्हा सुजलेल्या पायाने. त्यामुळे तो असा चपखल बसला की डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. परतीची बस गाठायची म्हणून ते लगेच निघाले. घरी गेल्यावर रात्रीत सूज उतरली. पाय आतल्या आत खेळायला लागला. तिसऱ्या दिवशी टपालाची पिशवी घेऊन एका इमारतीचा जिना उतरताना ते पडले. समोरचे दोन दात गेले. त्यांनी तो पाय परत पाठवून दिला आणि चार महिने कुबडीवर काढले. आमच्याकडे यायलाच तयार नव्हते. का यावं?

परत आलेला तो नग मास्तरांनी हातात घेतला. आत बोट घातलं. बराच वेळ फिरवलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘माप घेण्याआधी तास दिला होतास ना?’

मी म्हटलं, ‘हो, मास्तर.’

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं, असं मला कितीदा वाटून गेलंय. पण त्यांचा माझ्यावर विश्वास होता, मग कशाला विचारतील? म्हणाले, ‘मग माझंच.’ आणि टेबलावर बसून चिठ्ठी लिहिली: ‘सैल. साचा कमी घासला. बोटांचा अंदाज चुकला.’ त्यांच्या खुंटीवरचा तो अकरावा नग.

काकू, मी तुमच्याकडे बघून बोलायचं ठरवलं होतं. थोडं थांबू द्या मला.

सर, वेळेचं मला भान आहे. लवकर आटोपते.

त्या चिठ्ठीने काय केलं ते सांगते. भिंत वाचायची सवय सगळ्यांना होती. सगळ्यांनी वाचलं आणि सगळे शहाणे झाले: साचा कमी घासला की पाय सैल होतो! प्रत्येक जण दोन हात जास्त घासायला लागला. तीन वर्षं आमच्याकडून घट्ट पाय गेले. लोक फोड घेऊन यायचे, कातडी सोललेली असायची. विभागात बैठका झाल्या. मी त्या बैठकांना हजर होते, वहीत टिपणं घेत होते. चूक भिंतीवर टांगलेली होती, चिठ्ठीही होती, फक्त चिठ्ठीतलं कारण खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

आणि मास्तर? मास्तरांनी आपल्या बोटांवरचा भरवसा गमावला. एका साच्यावर चारचारदा बोट फिरवायचे. मला बोलवायचे, ‘अगं, तू बघ जरा.’ मी बघायचे आणि म्हणायचे, ‘बरोबर आहे, मास्तर.’ ते म्हणायचे, ‘नक्की?’ त्या चिठ्ठीच्या पुढच्याच वर्षी त्यांनी मुदतीच्या तीन वर्षं आधी निवृत्ती घेतली. याच सभागृहात त्यांचा निरोप झाला. इथेच उभं राहून ते म्हणाले होते, ‘हात सांगतोय, आता थांब. हाताचं ऐकावं.’ मी चौथ्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या मी.

नंतर दरवर्षी एकदा त्यांच्या घरी जायचे. दरवेळी रस्त्यात वाक्य घोकत जायचे. जिन्यापर्यंत पाठ असायचं. दार उघडून ‘आलीस होय गं’ म्हणाले की सगळं पुसलं जायचं. एकदा गेले तेव्हा ते खिडकीशी बसून कागद चाचपत होते. काकू वैतागल्या होत्या. म्हणाल्या, ‘बघ बाई, घरातली ताटं, वाट्या, पुस्तकांची पानं, सगळं चाचपून झालं. काल माझ्या दोन साड्यांपैकी कुठली जाड ते सांगत बसले होते.’ मास्तर हसले. मला म्हणाले, ‘तू घे परीक्षा.’ त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या हातात दोन पुठ्ठे दिले, सारखेच दिसणारे. त्यांनी बोट फिरवलं, ‘डावा जाड.’ बरोबर. पुन्हा दिले, बरोबर. सातव्यांदाही बरोबर. मग डोळे उघडले आणि मला विचारलं, ‘येतंय की गं बरोबर. मग तेव्हा काय झालं असेल?’

उत्तर माझ्याजवळ होतं. त्या खोलीत, हाताच्या अंतरावर होतं. मी म्हटलं, ‘चहा गार होतोय, मास्तर.’

मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी तो प्रश्न पुन्हा मला विचारला नाही. स्वतःला विचारत राहिले असतील. त्या एका दुपारी परत जायला मिळावं, एवढंच मला वाटतं. चौतीस वर्षं परत नकोत, तरुणपण नको, काही नको. ती खिडकी, ते दोन पुठ्ठे आणि तो प्रश्न. आज मी उत्तर देईन. पण विचारणारा माणूस राहिला नाही, आणि त्याची इतकी आठवण येते की समारंभाच्या फुलांनीसुद्धा बरं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई त्या चुकीतून शिकल्या तरी का? शिकले ना. त्या दिवसानंतर एकाही माणसाला तास दिल्याशिवाय मी पट्टी भिजवली नाही. घड्याळ लावून बसते. शिकाऊ मला मागे ‘उशीवाल्या बाई’ म्हणतात, मला माहीत आहे, कान शाबूत आहेत माझे. पण मी चोरून शिकले. चोरून शिकलेलं माझ्या एकटीच्या उपयोगाचं झालं, आणि त्याची शिक्षा मात्र दुसऱ्याने भोगली. टपालवाले पडले आणि उठले, कारण आपण का पडलो हे त्यांना कळलं: पाय सैल होता. मास्तर पडले आणि का पडलो हेच त्यांना कळू दिलं गेलं नाही. मग माणूस कशाला धरून उठेल?

गेल्या सोमवारी मी टपालवाल्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते गादीच्या कडेला बसून पट्टा सोडत होते. म्हणाले, ‘अहो ताई, सव्वीस वर्षं झाली. मला नवा पाय मिळाला, नवे दात मिळाले. माझं सोडा. मास्तरांना काय मिळालं?’ मग म्हणाले, ‘तुमचा समारंभ आहे ना? काकूंना बोलावलंय का? नसेल तर मी घेऊन येतो.’ आणि आज तेच काकूंना घेऊन आले आहेत. काकूंना कारण सांगितलेलं नाही. काकू, तुम्ही माझ्या सत्काराला म्हणून आलात, नवी साडी नेसून आलात, आणि मी हे तुमच्यापुढे ठेवलं. घरी येऊन दार लावून सांगता आलं असतं. पण मास्तरांची चिठ्ठी चारचौघांत भिंतीवर लागली होती. ती काढायची तर चारचौघांतच काढायला हवी.

म्हणून सर, एक विनंती. हे मानपत्र मी नम्रपणे परत ठेवते. चौकट चांगली आहे, कुणाला तरी उपयोगी पडेल, आणि अक्षराबद्दल मैत्रिणीचे आभार. मला निरोपाची भेट म्हणून एकच हवं आहे. सभा संपली की आपण सगळे खाली साच्याच्या खोलीत जाऊ. मास्तरांच्या खुंटीवरचा अकरावा नग मी काढून माझ्या खुंटीला टांगीन. चिठ्ठी मी लिहून आणली आहे. वाचते: ‘सैल. लांबून आलेल्या माणसाचं माप तास न देता घेतलं. मास्तरांनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं.’ खाली तारीख आहे, सव्वीस वर्षांपूर्वीची.

मास्तरांची चिठ्ठी, काकू, तुम्ही घेऊन जा. त्यांचं अक्षर आहे म्हणून ती तुमची. त्यातलं वाक्य खरं नाही म्हणून ती भिंतीवर नको. त्यांच्या खुंटीवर दहा नग राहतील. ते दहा त्यांचेच आहेत, मी नीट तपासले आहेत. दहाव्याला तर ते स्वतःच हसायचे.

मागच्या बाकांवरच्यांना उपदेश करायचा अधिकार मला आज उरलेला नाही. एवढंच सांगते, तुमच्यातल्या दोघा-तिघांच्या खुंट्या अजून कोऱ्या आहेत आणि त्याचा तुम्हाला अभिमान आहे, हे मला दिसतं. मी ओळखते तो चेहरा. रोज आरशात बघितलाय. लवकर चहा द्या.

आभार मानायचे तर यादी मोठी आहे. संचालक सर, डॉक्टरसाहेब, शिलाईतल्या बायका, टपालवाले, आणि या खोल्यांमध्ये माझ्या हातावर विश्वास ठेवून पाय पुढे करणारे सगळे. तुम्ही मला पोटाला काम दिलं, डोक्याला दिलं, आणि एक माणूस दिला ज्याच्या समोर चोवीस ते तेहतीस या वयात मला बसायला मिळालं.

भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, अशी विनंती करतात. ती माझीही विनंती आहे. पण ती बोलण्यापुरती. बाकीचं पोटात घालू नका, ते भिंतीवर राहू दे.

चार वाजलेत. चहाची आठवण करून देणारं कुणी नाही, म्हणून मीच करून देते. आधी खाली जाऊ. पहिला नग टांगणाऱ्याने सगळ्यांना चहा द्यायचा असतो, आजचा चहा माझा. काकू, पहिला कप तुम्हाला. तुम्ही घेतलात तर घेतलात, नाही घेतलात तरी मी समजेन.

आणि मास्तर, तुम्ही विचारलं होतं, तेव्हा काय झालं असेल. तेव्हा मी तास दिला नव्हता. तुमची बोटं बरोबर होती.